तोंडावरचं पांघरूण

झरीतून परभणीच्या रस्त्याला बन्सीधरची सायकल लागली, की हॉटेलवाला चंद्रभान घड्याळ न बघता चहाचं पाणी चढवायचा. ऊन असो, गारठा असो, घरात लग्न असो, त्या सायकलला उशीर माहीत नव्हता. दोन्ही अंगांना दुधाचे मोठे कॅन, हँडलला अडकवलेली मापं, आणि वर बसलेला बन्सीधर असा ताठ, की खाली सायकल नसून घोडा असावा. त्याच्या रतिबाचा एकच कायदा होता : भरलेला कॅन घरी परत आणायचा नाही. पुलावरून पाणी जावो, चाक पंक्चर होवो, कुत्री मागे लागोत, दूध गिऱ्हाइकाच्या पातेल्यात पडलंच पाहिजे.

मग गावात डेअरीचा टेम्पो यायला लागला. दूध गोठ्याच्या दारातूनच जाऊ लागलं आणि सायकल कडब्याच्या गंजीला टेकून उभी राहिली. बन्सीधरला मात्र टेकता येईना. तो सकाळी उगाच गावाबाहेरच्या फाट्यापर्यंत चालत जायचा, परभणीकडं बघायचा आणि परत यायचा.

त्याची मुलगी निकिता परभणीत एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवायची. रविवारी तिथल्या सायकलवाल्यांच्या टोळीबरोबर लांब लांब जाऊन यायची. फळ्यावर ती मुलांना बर्फाच्या स्फटिकाचे सहा कोन काढून दाखवायची, पाण्यापेक्षा बर्फ हलका का ते समजावून सांगायची. आणि तिनं स्वतः हातात घेतलेला बर्फ कुठला, तर रसवंतीवरचा, भुसा लागलेला. एकदा एका मुलानं तिला विचारलं, "मॅडम, खरा बर्फ पडताना आवाज येतो का?" तिला सांगता आलं नाही. ते तिच्या मनाला लागलं. तेव्हापासून तिनं मनाशी ठरवलं होतं : झरीतून सायकलनं निघायचं, भर हिवाळ्यात उत्तरेच्या बर्फाळ डोंगरांत, स्पितीत काझा गावापर्यंत जायचं, आणि बर्फावर तंबू ठोकून झोपायचं.

"बर्फात झोपाया जायचंय म्हणायलीय," नर्मदाबाई नवऱ्याला म्हणाली. "सांगा तिला काहीतरी. लोक गारठ्यातून घरात येतेत, ही घरातून गारठ्यात चाललीय."

बन्सीधर म्हशीची पेंड भिजवत होता.

"एकटी तर जायचंच न्हाई," नर्मदाबाईनं लेकीकडं वळून निकाल दिला. "अप्पा संगं येत आसतील तर जा."

तिला वाटलं, विषय मिटला. पन्नाशी ओलांडलेला माणूस, आयुष्यात स्वेटर घातला नाही, तो कशाला जातोय!

बन्सीधरनं पेंडीतून हात काढला, पायजम्याला पुसला आणि लेकीला विचारलं, "कधी निघायचं?"

नर्मदाबाई बघतच राहिली. पण एकदा बोललेला शब्द तिला मागे घेता येईना.

नवी सायकल घ्यायला बन्सीधर तयार नव्हता. "माझ्या बुडाला हीच सीट ठाव हाय," असं म्हणून त्यानं जुनी काळी सायकलच परभणीला दत्ता मिस्त्रीकडं नेली. दत्तानं तिला गिअर बसवले, ब्रेक बदलले, रुंद टायर बसावेत म्हणून मागचा सांगाडा जरा फाकवला. मागच्या लोखंडी कॅरिअरला मात्र बन्सीधरनं हात लावू दिला नाही. ज्या आकड्यांना कॅन लटकायचे, त्याच आकड्यांना आता ताडपत्रीच्या दोन मोठ्या पिशव्या लटकल्या. निकितानं त्याला पिसांची स्लीपिंग बॅग आणून दिली. तिच्यात शिरून बघताना तो म्हणाला, "बदकाच्या पोटात गेल्यावानी वाटायलंय."

चंद्रभानच्या हॉटेलात तर रोज तोच विषय.

"बन्सीधर, बर्फच बघायचा आसंल तर परभणीत बर्फाच्या कारखान्यात जाऊन बस की. तिकीटबी न्हाई."

"तिथं रस्ता न्हाई ना, चंद्रभान. नुस्ता बर्फ घिऊन काय करू?"

"अन् मदीच वापस आलास तर?"

"माझा रतीब वापस आलेला बघितलायस का कधी?" बन्सीधर म्हणाला आणि कप खाली ठेवून उठला.

निघण्याआधी निकितानं त्याच्याकडून दोन गोष्टी कबूल करून घेतल्या. एक, बर्फात शिरल्यावर निर्णय तिचा. दोन, अंगावरचं किंवा अंथरुणातलं काहीही ओलं झालं, तर त्याच दिवशी खाली उतरायचं. ओली पिसं एकमेकांना चिकटतात, त्यांच्यात हवा राहत नाही, आणि हवा नसली की बॅगेत आणि नुसत्या चादरीत काही फरक उरत नाही. हे सगळं तिनं नीट समजावलं. आणि शेवटी बजावलं, "झोपताना नाकतोंड भाईर ठिवायचं. कितीबी थंडी वाजू द्या."

"हां, हां," बन्सीधर म्हणाला.

आता झरीतल्या कुठल्याही माणसाला विचारा, तोंडावर पांघरूण घेतल्याशिवाय झोप येते का? थंडीत तर नाहीच, पण उन्हाळ्यात अंगणात, डास असोत की नसोत, चादर डोक्यावरून ओढली म्हणजेच झोप सुरू होते. बन्सीधर तसाच झोपत आला होता. त्याचे वडील तसेच झोपायचे. "हां, हां" म्हणायला त्याचं काय जात होतं!

जिंतूरचा घाट चढून ते दोघं उत्तरेला लागले. मध्य प्रदेशात गहू हिरवा होता, राजस्थानच्या कडेला मोहरी पिवळी होती, आणि दिल्लीच्या अलीकडं धुकं इतकं दाट, की बन्सीधरनं आपल्या पाठीला लाल पिशवी बांधून लेकीला सांगितलं, "ही बघत ये." तो रोज पुढे असायचा. रोज सकाळी सायकल सीटला धरून जराशी उचलायची, दोन्ही बाजू समान आहेत का ते हाताला अजमावायचं, एखादी वस्तू इकडची तिकडं करायची आणि मगच निघायचं, ही त्याची जुनी सवय. एका बाजूला अर्धा लिटर जास्त झालं तरी हँडल ओढतं, हे त्याच्या हाताला पाठ होतं.

शिमल्याच्या अलीकडंच चढ सुरू झाले, तसा निकिताचा श्वास लागायला लागला आणि बन्सीधरचं बोलणं कमी झालं. सतलजच्या कडेकडेनं किन्नौर पार केला. नाको गावाच्या वर रस्ता पांढरा झाला. निकितानं टायरांतली हवा कमी केली, म्हणजे ते बर्फावर पसरून पकड धरतील. बन्सीधरनं कपाळावर हात मारून घेतला. "हवा भरायला लोक पंप घेतेत, तू सोडायलीस." पण दहा-वीस पावलं चालवल्यावर तो कौतुकानं म्हणाला, "धरतंय की गं!"

बर्फावरून चालताना पायाखाली करकर वाजलं. बन्सीधर थांबला, पुन्हा एक पाऊल टाकून बघितलं. "कडब्याच्या पेंढीवर पाय दिल्यावानी वाजतंय," तो म्हणाला. पडताना मात्र बर्फाचा आवाज नव्हता. उलट बाकीचे सगळे आवाजच त्यात बुडून गेल्यासारखे झाले. निकिता रस्त्यात सायकल धरून उभी राहिली आणि बाहीवर पडलेलं बर्फाचं फूल डोळ्याजवळ नेऊन तिनं त्याचे कोन मोजले. सहा. तिचा चेहरा बघून बन्सीधर दुसरीकडं बघायला लागला. लेकीचं असं सुख फार वेळ बघू नये, दृष्ट लागते, असं त्याला वाटत असावं.

पहिला तंबू त्यांनी नाकोच्या पुढं ठोकला. आधी बर्फ पायानं तुडवून घट्ट केला. तंबूच्या खुंट्या धरेनात, तेव्हा बन्सीधरनं पोत्याच्या तुकड्यांत बर्फ भरून, त्यांना दोऱ्या बांधून ते आडवे पुरले. "मारकी म्हैस बांधली तरी उपटायची न्हाई," तो म्हणाला. बर्फ वितळवून पाणी करायचं, तर नुसता बर्फ टाकलेलं पातेलं करपतं. बन्सीधरनं न विचारता आधी तळाला घोटभर पाणी घातलं. दूध तापवताना घालतात तसं. निकिता हसली. दोघांचं बरं चाललं होतं.

सकाळी ती विचारायची, "बॅग कोरडी हाय का, अप्पा?"

"हाय."

ती विचारायची, तो सांगायचा, आणि एवढ्यावरच तिनं समाधान मानलं. जी मुलगी विद्यार्थ्यांना सांगायची की दुसऱ्यानं सांगितलेला आकडा लिहू नका, स्वतः मोजा, तिनं घरच्या माणसाचा शब्द मोजल्याशिवाय लिहून घेतला.

ताबोला ते दुपारच्या आधीच पोचले. तिथं एका ढाब्याच्या मागं सफरचंदाची बाग होती, झाडं निष्पर्ण, खाली गुडघाभर बर्फ. ढाबा चालवणाऱ्या डोलमादीदीनं बागेत तंबू लावायला परवानगी दिली. बन्सीधरनं ती आपल्या हिंदीत मागितली होती. "दीदी, हमको जरा जागा होना. कमरा नक्को, बरफमेंच सोते हमलोगां." डोलमादीदीला निम्मं कळलं, पण हसू पूर्ण आलं.

बन्सीधर पाणी आणायला गेला होता. निकिता चहासाठी पातेलं काढायला त्याच्या सायकलीच्या डाव्या पिशवीकडं गेली. पातेलं तिथं नव्हतं. झरीपासून ते डावीकडं होतं. तिनं उजवी पिशवी उघडली. पातेलं होतं. ज्वारीचं पीठही तिथंच होतं, तेही डावीकडचं. भाकरीचा तवासुद्धा. तीन वस्तू, तिन्ही डावीकडून उजवीकडं गेलेल्या.

ती तशीच उभी राहिली. हा माणूस दोन्ही बाजू समान केल्याशिवाय हालत नाही. तो डावीकडचं सामान उजवीकडं नेतोय, म्हणजे डावी बाजू जड होत चाललीय. पण डाव्या पिशवीत नवीन काहीच आलेलं नाही. उरलेत फक्त कपडे आणि स्लीपिंग बॅग.

तिनं बॅग बाहेर ओढली. वरून ती ठीक दिसत होती. तिनं ती उलटी केली आणि गळ्यापासून छातीपर्यंत हात फिरवला. पिसांचे गोळे झालेले. काही गोळे हाताला खडे लागावेत तसे टणक. सामान तोलायचा छोटा आकडेकाटा तिच्याजवळ होता. निघताना बॅग सतराशे ग्रॅम होती. आता काट्यावर एकवीसशेच्या वर आकडा आला.

बन्सीधर पाण्याची बाटली घेऊन आला आणि लेकीच्या हातात लटकलेली बॅग बघून जागच्या जागी थांबला.

"अप्पा, पातेलं उजवीकडं कशाला नेलं?"

"सोईचं पडतंय."

"अन् पीठ?"

"तेबी."

"अन् तवा?"

बन्सीधर बाटलीचं बूच घट्ट करत राहिला. ते आधीच घट्ट होतं.

"कवापासून वली हाय?"

"पैल्या रातीपासनंच जरा दमट लागायली. म्हनलं घाम आसंल."

"तोंडावर घेऊन झोपलात ना?"

"तू झोपलीस की घेत व्हतो," तो म्हणाला. मग एकदम लहान मुलासारखं, "उघड्या तोंडानं झोपच येत न्हाई गं. कुणीतरी बघायलंय आसं वाटतंय."

एरवी निकिता हसली असती. पण तिच्या डोळ्यांपुढं दुसरंच होतं. पुढचा मुक्काम याहून थंड. अशा बॅगेत तो रात्रभर कुडकुडत पडला असणार, सकाळी उठून सायकल चढावर रेटली असणार, आणि तोंडातून एक शब्द नाही.

"मला का सांगितलं न्हाई?"

"सांगितलं आसतं तर तू माघारी फिरली आसतीस."

"मग? तसंच ठरलं व्हतं."

"काझा हितून दिसायच्या अंतरावर आलंय, निके," बन्सीधर म्हणाला. "भरलेला कॅन घिऊन गिऱ्हाइकाच्या दारातनं वापस जायचं?"

"कॅन न्हाई, तुमी हायत ते!" निकिताचा आवाज चढला. "कॅन पिचला तर दुसरा आणता येतो. मायला काय सांगू मी? वजन दोन्हीकडं समान व्हतं म्हणून?"

बन्सीधर खाली बसला, बर्फावरच. लेक कधी अशी बोलली नव्हती. ढाब्याच्या मागून एक कुत्रं आलं, दोघांकडं बघून गेलं.

निकिता त्याच्या समोर उकिडवी बसली. रागानं काही होणार नव्हतं. हा माणूस खाली उतरेल, पण हरल्यासारखा उतरेल, आणि तोंडावर पांघरूण घेऊन का झोपायचं नाही हे त्याला जन्मात कळणार नाही. तिनं वेगळ्या बाजूनं सुरुवात केली.

"अप्पा, धार काढली, दूध कोमट हाय. कॅनमदी भरल्या भरल्या झाकण दाबता का तुमी?"

"येडी का तू? कोमट दुधावर झाकण दाबत आसतेत का? वाफ झाकणाला धरती, तिचं पाणी व्हतं अन् दुधात टपकतं. उन्हाळ्यात तर पाथरी नाक्यापातुर जाऊस्तोवर वास मारायला लागतं. झाकण तिरपं ठिवायचं, वर फडकं टाकायचं. वाफ जाऊ द्यायची."

"कोमट काय हाय तंबूत?"

"काय हाय?"

"तुमी."

बन्सीधर तिच्याकडं बघत राहिला. त्याचा हात हळूच तोंडापर्यंत गेला. त्यानं तळहातावर एक श्वास सोडला, तळहाताकडं बघितलं.

"म्हंजे मीच कॅन," तो म्हणाला, "अन् मीच झाकण दाबायलोय."

"रातभर."

"अन् ते पाणी सगळं पिसात."

"एका राती पेलाभर तरी. सकाळी तीच बॅग गुंडाळून तुमी पिशवीत कोंबता. वाळायला जागाच न्हाई."

"आरारारा!" बन्सीधरनं स्वतःच्या मांडीवर थाप मारली. "सांगायचं न्हाई का मग आसं? तू पिसं, हवा, काय काय सांगत बसलीस." आणि इतक्या वेळानं तो हसला. हसता हसता थांबला. "आता काय करायचं? उतरायचं?"

निर्णय तिचा होता. निकितानं आकाशाकडं बघितलं. ऊन चांगलं होतं, हवा अशी कोरडी की ओठ तडकत होते. ढाब्याच्या काळ्या दगडी भिंतीवर ऊन पडलं होतं आणि त्या भिंतीलगतचा बर्फ वितळून सरकला होता.

"ऐका," ती म्हणाली. "आज हितंच थांबायचं. बॅग वाळवायची. आज तुमी तोंड भाईर ठिवून झोपायचं. उद्या सकाळी काट्यावर अठराशेच्या आत आली तर फुडं. अठराशेच्या वर एक ग्रॅम जरी गेली, तर खाली जाणारी बस. मग बोलायचं न्हाई."

बन्सीधरनं मान डोलावली. आयुष्यभर त्यानं लॅक्टोमीटरपुढं दूध धरलं होतं. काचेच्या नळीनं सांगितलेलं त्यानं कधी नाकारलं नव्हतं. "मापापुढं काय बोलायचं?" तो म्हणाला.

मग दोघं कामाला लागले. बॅग उलटी करून भिंतीच्या दगडांवर पसरली. तिच्या अस्तरावर गोठून पांढरं झालेलं दव आधी निकितानं हातमोज्यानं झटकून काढलं. बन्सीधरला पिसांचे गोळे बघवेनात. तो एकेक कप्पा बोटांनी चाचपून गोळे फोडत गेला, हलक्या हातानं, म्हशीच्या कासेला हात लावावा तसा. थोड्या वेळानं डोलमादीदी बाहेर आली.

"क्या हुआ, अंकल? बिस्तर गीला कर दिया?"

"मुँ ढाँप को सोया मै, दीदी," बन्सीधरनं न लाजता सांगितलं. "पूरा पानी पिसों में गया."

डोलमादीदी इतकी हसली की तिला दाराला धरावं लागलं. मग तिनं सांगितलं, पंजाबातून लग्न होऊन आलेली तिची जाऊ पहिल्या हिवाळ्यात असंच करायची. ऊन भिंतीवरून सरकल्यावर दीदीनं बॅग आपल्या स्वयंपाकघरात, लोखंडी शेगडीच्या वर दोरीवर टांगू दिली. तिथं जव भाजल्याचा वास होता. बन्सीधरनं उजव्या पिशवीतलं पीठ आत आणलं आणि दीदीच्या तव्यावर ज्वारीच्या भाकरी थापल्या. इतक्या उंचावर बोटं बधिर झालेल्या माणसाच्या भाकरी, पण फुगल्या. डोलमादीदीनं एक खाल्ली, दुसरी मागून घेतली.

निकिता मधेमधे बॅग काट्याला लावत होती. आकडा उतरत होता, पण सावकाश. एकदा तो बराच वेळ एकोणीसशेच्या जवळ अडकून बसला. बन्सीधर मान वळवून काट्याकडं बघायचा आणि परत भाकऱ्यांकडं वळायचा. अंधार पडायच्या आधी बॅग सतराशे वीसवर आली.

"आता तुमची पाळी," निकिता म्हणाली.

तंबूत शिरल्यावर बन्सीधरनं कानटोपी घातली, बॅगेची दोरी गळ्याशी आवळली, आणि नाकतोंड बाहेर ठेवून छताकडं डोळे लावले. उघड्या माळावर कुणी निजवून ठेवावं तसा त्याचा चेहरा झाला होता.

"निके."

"काय?"

"नाकाला कुणीतरी चावायलंय."

"थंडी हाय ती. चावू द्या."

"तुजी माय बघंल तर म्हणंल, येवढ्या लांब जाऊन बापाचं नाक घालिवलं."

"नाकावर हा घ्या." तिनं त्याच्या नाकावर लोकरीचा मफलर सैल टाकला. "वाफ ह्यातून जाती. फडक्यावानी."

"फडक्यावानी," तो पुटपुटला. बराच वेळ तो हलत नव्हता आणि झोपतही नव्हता. मग त्याचं घोरणं सुरू झालं, आणि ते ऐकत ऐकत निकिताही झोपली.

उजाडल्यावर तिला जाग आली ती कुणीतरी हाक मारल्यानं. बन्सीधर अंथरुणात उठून बसला होता. मफलर लोखंडाच्या पत्र्यासारखा ताठ झाला होता. त्याच्या भुवया पांढऱ्या, मिशी पांढरी, मिशीच्या टोकांना बर्फाचे बारीक लोलक लटकलेले. तंबूच्या छतावर आतून हिमाचा थर होता. रात्रभराची वाफ सगळी तिथं आणि त्याच्या मिशीवर जाऊन बसली होती.

"बघ," तो हळू आवाजात म्हणाला. ओठ हलवले तर मिशी मोडेल अशी त्याला भीती होती. "सगळं भाईर गेलं."

"मिशीचं न्हाई, बॅगेचं माप चालतं," निकिता म्हणाली, पण तिचे हात घाईत होते. तिनं बॅग गुंडाळून आकड्याला लावली आणि काटा बापाच्या तोंडापुढं धरला. "तुमीच वाचा."

बन्सीधरनं डोळे बारीक केले. आकडा हलायचा थांबेपर्यंत त्यानं श्वास रोखून धरला.

"सतराशे चाळीस."

"वीस ग्रॅम अंगाचा घाम. तेवढं चालतंय."

बन्सीधरनं पुन्हा एकदा वाचलं. मग तो तंबूची चेन उघडून मोज्यांवरच बाहेर बर्फात गेला आणि ढाब्याच्या दिशेनं ओरडला, "दीदी! चाय चढाव! जाते हमलोगां, काझा जाते!"

डोलमादीदीनं दारातून त्याची मिशी बघितली आणि आधी मोबाइल आणायला आत पळाली. तो फोटो तिनं निकिताला पाठवला, निकितानं झरीला. चहा पिऊन होईस्तोवर नर्मदाबाईचा फोन आला.

"आगं बाई, हे कोण बोकड बसलंय तुज्या संगं?" ती ओरडली. मग मागून चंद्रभानचा आवाज आला, ती फोटो घेऊन थेट हॉटेलातच गेली होती. "बन्सीधर! मिशीला चुना लावलास का रे?"

"ये बघाया!" बन्सीधर म्हणाला. "रस्ता दाखवितो."

निघताना रात्री पडलेला नवा बर्फ रस्त्यावर होता. त्यावर अजून एकाही गाडीची खूण नव्हती. झरीपासून रोज बन्सीधर पुढे असायचा. आज त्यानं सायकल धरली, सीटला धरून उचलून बघितली, आणि बाजूला उभा राहिला.

"चला की, अप्पा."

"तू हो फुडं," तो म्हणाला. "मी तुज्या चाकोरीतनं येतो."

निकितानं पहिली चाकोरी काढली. नवा बर्फ चाकाला धरत होता, हँडल डोलत होतं, पण ती तोल सावरत राहिली आणि मागून तिच्याच चाकोरीवर दुसऱ्या चाकाची करकर येत राहिली. नदी खाली गोठली होती, मधल्या पट्ट्यातून तेवढं हिरवं पाणी वाहत होतं. काही चढांवर त्यांनी सायकली ढकलल्या. एका वळणावर समोरून भाजीचा ट्रक आला. ड्रायव्हरनं ब्रेक दाबला, काच खाली केली आणि पुढच्या मुलीला सोडून मागच्या मिशीवाल्या म्हाताऱ्याला विचारलं, "कहाँ से आ रहे हो, बाबा?"

"झरी. जिल्हा परभणी," बन्सीधर म्हणाला, जणू पुढच्याच वळणाला असावं.

"साइकिल से? इस बर्फ में? कौन लाया आपको?"

बन्सीधरनं पुढं उभ्या असलेल्या लेकीकडं हात केला.

"ये हमारी बच्ची हय. कॉलेज में पढ़ाती. बरफ में मालक इनोच हय, मै पिच्छे-पिच्छे."

ड्रायव्हरनं निकिताकडं बघून हात कपाळाला लावला आणि ट्रक हळूहळू पुढे काढला. निकितानं मान खाली घातली, पेडलवर पाय ठेवला आणि ट्रकनं न चोपलेल्या कोऱ्या बर्फात सायकल घातली, म्हणजे बापाला वाट तिच्या चाकाचीच मिळेल.